डाळिंबाच्या सालीने नदी धुता येईल का?

सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातल्या जोजरी नदीच्या प्रदूषणाची स्वतःहून दखल घेतली. जोधपूरच्या कापड आणि स्टील कारखान्यांचे सांडपाणी या नदीत उतरते आणि ही नदी पुढे लुणीला मिळते. खटल्याच्या नावातच वीस लाख लोकांच्या जिवाला धोका असल्याचा उल्लेख आहे. आपल्याकडे ही बातमी आली आणि गेली. जोधपूर कुठे, मालेगाव-भिवंडी कुठे, असे म्हणून आपण पुढे सरकलो.

पण थोडा विचार करू या. मालेगावच्या लूमवरून उतरलेला कोऱ्या कापडाचा ताका रंगायला कुठे जातो? काही माल इथेच रंगतो, पण बराचसा पाली, बालोतरा, जेतपूर, अहमदाबादकडे रवाना होतो. पाली बांडी नदीवर आहे, बालोतरा लुणीवर. म्हणजे आपल्या मोहल्ल्यात रात्रपाळीला विणलेल्या कापडाचा रंग तिकडच्या नदीत धुतला जातो आणि तिकडच्या शेतकऱ्याच्या विहिरीत उतरतो. कापड आपलं, रोजी आपली, पाणी मात्र दुसऱ्याचं. म्हणून ही बातमी आपल्याला लांबची वाटत असली तरी ती लांबची नाही.

१८५७ च्या बंडानंतर उत्तर प्रदेशातून निघालेली मोमीन-अन्सारी कुटुंबे मालेगाव आणि भिवंडीत स्थिरावली. हातमाग गेला, यंत्रमाग आला, पण धागा सुटला नाही. रंगरेज आणि छिपा ही नावे तर धंद्यावरूनच पडलेली. अशा समाजात रंगाच्या पाण्याचा प्रश्न हा फक्त पर्यावरणवाल्यांचा प्रश्न राहत नाही. त्यावर घरची चूलही अवलंबून आहे आणि घरचा नळही.

हे सगळे आता लिहायचे कारण वेगळे आहे. गेल्या काही वर्षांत एक बातमी पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या रूपात फिरताना दिसते. कधी केळीच्या सालीपासून, कधी उसाच्या चिपाडापासून, कधी डाळिंबाच्या सालीपासून ‘नॅनो पावडर’ तयार झाली आणि तिने रंगीत पाण्यातला ९९ टक्के रंग काढून टाकला. सोबत दोन बाटल्यांचा फोटो असतो. एकीत निळेशार पाणी, दुसरीत झऱ्यासारखे स्वच्छ. पालक आम्हाला विचारतात, सर, हे खरं आहे का? खरं असेल तर आपल्या गावात का होत नाही?

प्रयोग खरे आहेत, हे आधी सांगून टाकू. फोटोही खरा असतो. मग अडते कुठे, ते समजून घ्यायला आधी रंगाच्या पाण्यात नेमके काय असते ते पाहावे लागेल.

सुती कापड रंगवायला आज मुख्यतः रिॲक्टिव्ह रंग वापरतात. हे रंग १९५६ मध्ये बाजारात आले. त्यांची खुबी अशी की ते कापसाच्या धाग्याला रासायनिक बंधाने चिकटतात, म्हणून धुऊन सहज जात नाहीत. पण पाण्यात रंगाच्या रेणूवरही ऋण भार असतो आणि कापसावरही. दोघे एकमेकांना ढकलतात. त्यांना जवळ आणायला बाथमध्ये मीठ टाकावे लागते, भरपूर मीठ. गडद रंग हवा असेल तर किलोभर कापडामागे अर्धा किलोहून जास्त मीठ सहज लागते. मग सोडा ॲश टाकून पाणी क्षारीय केले की रंग धाग्याला धरतो. मात्र सगळा रंग धरत नाही. काही रंग धाग्याऐवजी पाण्याशीच संयोग पावतो आणि मग तो कशालाच चिकटण्याच्या कामाचा राहत नाही. रंगाच्या जातीप्रमाणे आणि छटेप्रमाणे दहा टक्क्यांपासून थेट चाळीस टक्क्यांपर्यंत रंग असा वाया जातो. धुलाई, साबण, पुन्हा धुलाई, हे सगळे धरले तर किलोभर सुती कापडामागे शंभरेक लिटर पाणी लागते. ते पाणी रंग, मीठ, कॉस्टिक आणि सायझिंगची खळ घेऊन बाहेर पडते.

नाल्यात दिसतो तो रंग. म्हणून लोक रंगाबद्दल बोलतात. रंगामुळे सूर्यप्रकाश पाण्याच्या आत पोहोचत नाही, शेवाळ आणि पाणवनस्पती प्राणवायू तयार करू शकत नाहीत, मासे मरतात. जगात वापरल्या जाणाऱ्या रंगांपैकी निम्म्याहून जास्त रंग ‘ॲझो’ गटातले आहेत. तळाच्या काळ्या गाळात, जिथे हवा पोहोचत नाही तिथे, जिवाणू हे रेणू तोडतात आणि त्यातून ॲरोमॅटिक अमाइन नावाचे पदार्थ सुटतात. त्यांतले काही कर्करोगाला कारण ठरतात. म्हणूनच १९९० च्या दशकात जर्मनीपाठोपाठ भारतानेही अशा रंगांवर बंदी घातली. आपल्या यादीत एकूण ११२ रंग आहेत. पण मीठ कुणाला दिसत नाही. ते विहिरीत उतरते, शेतातल्या मातीत साठते, आणि एक दिवस शेतकरी म्हणतो की या जमिनीत आता काही उगवत नाही.

कायद्यात दोन्ही आहेत. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१६ मध्ये कापड उद्योगाच्या सांडपाण्यासाठी जे निकष जाहीर केले, त्यात लिटरमागे बीओडी ३० मिलिग्रॅम, सीओडी २५० मिलिग्रॅम, विरघळलेले क्षार २१०० मिलिग्रॅम आणि रंगासाठी १५० एकक अशी मर्यादा आहे. कागदावरचा निकष आणि नाल्यातले पाणी यांत किती अंतर आहे, ते पाहायला प्रयोगशाळा लागत नाही.

साध्या प्रक्रिया केंद्रात हे का जमत नाही? कारण तिथले जिवाणू खळ, स्टार्च, घाण खातात, पण रंगाला फारसा हात लावत नाहीत. रंग टिकाऊ असावा म्हणूनच तर तो बनवलेला असतो. ग्राहकाला न उतरणारा रंग हवा, आणि नदीला उतरणारा. म्हणून मग चुना, तुरटी, फेरस सल्फेट टाकून रंग खाली बसवतात. त्याने पाणी बऱ्यापैकी साफ होते, पण गाळाचे डोंगर तयार होतात. हा रासायनिक गाळ नियमाने धोकादायक कचऱ्यात मोडतो आणि तो तळोजा किंवा रांजणगावसारख्या अधिकृत केंद्रात पाठवायचा असतो. वाहतूक आणि फी दोन्ही खर्चाचे काम. मग रात्री एखादा ट्रॅक्टर कुठे रिकामा होतो, हे प्रत्येक गावात दोन-चार जणांना माहीत असते.

अशा ठिकाणी ही नॅनो पावडर येते, आणि तिच्याबद्दल आशा वाटणे अगदी स्वाभाविक आहे.

नॅनो म्हणजे मीटरचा शंभर कोटीवा भाग. आपला केस साधारण ऐंशी हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो, यावरून कल्पना करा. एखादा पदार्थ इतका बारीक केला, किंवा त्यात इतकी बारीक छिद्रे पाडली, की त्याचा पृष्ठभाग अफाट वाढतो. चांगल्या सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅममध्ये हजार चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग असतो, म्हणजे आपल्या शाळेच्या मैदानाचा चांगला मोठा तुकडा चिमूटभर पावडरीत. त्या पृष्ठभागावर रंगाचे रेणू येऊन बसतात. वाळू-कोळशाच्या तीन मडक्यांत पाणी गाळायची जुनी पद्धत आपल्याला ठाऊक आहे. तत्त्व तेच, फक्त कोळसा जास्त हुशार.

वनस्पतींच्या कचऱ्यापासून असे पदार्थ करायच्या वाटा अनेक आहेत. कपाशीची पऱ्हाटी, नारळाची करवंटी, उसाचे चिपाड कमी हवेत तापवून कोळसा करायचा आणि वाफेने किंवा रसायनाने त्याला छिद्रे पाडायची, ही सगळ्यांत जुनी आणि भरवशाची वाट. चिपाडात किंवा केळीच्या खोडात असलेल्या सेल्युलोजचे तंतू आम्लाने मोकळे करत करत नॅनोसेल्युलोज मिळवायचे, ही दुसरी. भाताच्या तुसाची राख जवळपास पूर्णपणे सिलिकाच असते, तिच्यापासून नॅनोसिलिका होते. आणि आणखी एक वाट अशी की चहाचा चोथा, डाळिंबाची साल, कडुनिंबाचा पाला यांच्या काढ्यातले तुरट घटक लोखंडाच्या किंवा चांदीच्या क्षारातून धातूचे नॅनोकण तयार करतात. यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने २००४ मध्ये कडुनिंबाच्या पाल्याच्या काढ्यातून सोन्या-चांदीचे नॅनोकण बनवल्याचे संशोधन प्रसिद्ध केले. त्यानंतर जगभरच्या प्रयोगशाळांत पाला उकळायची जणू शर्यतच लागली. लोखंडाचे असे कण हायड्रोजन पेरॉक्साइडसोबत वापरले तर ते रंग नुसता पकडत नाहीत, त्याचा रेणूच तोडतात.

इथवर सगळे चांगले. आता अडचण पाहू.

या विषयावरचे शोधनिबंध उघडून पाहिले तर एक नाव वारंवार भेटते, मिथिलीन ब्लू. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहताना शाळेच्या प्रयोगशाळेत जो निळा थेंब टाकतात, तोच. हा रंग स्वस्त, सहज मिळणारा, मोजायला सोपा. पण त्याच्या रेणूवर धन भार असतो. वनस्पतींच्या पावडरीवर बहुधा ऋण भार असतो. धन आणि ऋण एकमेकांना ओढतात, हे सातवीचे पोरही सांगेल. म्हणून केळीची साल, शेंगदाण्याची टरफले, चहाचा चोथा, काहीही टाका, मिथिलीन ब्लू चिकटतोच. आम्ही वर्गात हा प्रयोग करतो. वाळवून बारीक केलेली केळीची साल निळ्या पाण्यात टाकली की तास संपायच्या आत पाणी फिके होते आणि मुले टाळ्या वाजवतात. मग दुसऱ्या ग्लासात बाजारातून आणलेला कापडाचा रिॲक्टिव्ह रंग घेतो, त्यात मूठभर मीठ आणि थोडा धुण्याचा सोडा टाकतो, आणि तीच पावडर. पाणी तसेच्या तसे राहते. वर सालीचा स्वतःचा तपकिरी रंग त्यात उतरतो.

आपल्या गावांच्या नाल्यात मिथिलीन ब्लू नाही. तिथे रिॲक्टिव्ह रंग आहे, ऋण भाराचा, आणि तोही दहा-अकरा पीएचच्या क्षारीय, खारट, गरम पाण्यात. अशा पाण्यात पावडरीवरचा ऋण भार आणखी वाढतो. दोघे पुन्हा एकमेकांना ढकलतात, जसे रंग देताना कापूस आणि रंग ढकलत होते. नैसर्गिकच आहे, पावडरही शेवटी कापसाचीच चुलत बहीण. ९९ टक्क्यांच्या बातमीत पाणी कुठले होते, रंग कुठला होता, हे बहुतेक वेळा लिहिलेले नसते. ऊर्ध्वपातित पाणी, त्यात एकच रंग, शंभर मिलिलिटरचा चंचुपात्र, असे ते चित्र असते.

यावर उपाय नाही असे नाही. सेल्युलोजवर अमाइनसारखे धन भाराचे गट बसवता येतात, मग ते रिॲक्टिव्ह रंग ओढून घेते. पण मिठातला क्लोराइडही ऋण भाराचाच, तो त्याच जागांसाठी रांगेत उभा राहतो, आणि रंगापेक्षा त्याची संख्या कितीतरी जास्त. शिवाय ही प्रक्रिया करायला जी रसायने लागतात ती काही झाडावर उगवत नाहीत. लोखंडी कणांची अडचण वेगळी. रंग तोडायची ती क्रिया, १८९४ मध्ये फेंटन यांनी मांडलेली, पीएच तीनच्या आसपास उत्तम चालते. आपले पाणी अकरा. म्हणजे आधी आम्ल ओतायचे, मग पुन्हा चुना. मीठ आणखी वाढते. सक्रिय कोळशाला मिठाचा त्रास सगळ्यांत कमी होतो. पण त्याची छिद्रे रंगाच्या रेणूला आत शिरण्याइतकी मोठी हवीत. रंगाचा रेणू नॅनोमीटर-दोन नॅनोमीटरचा असतो, आणि दोन नॅनोमीटरहून बारीक छिद्रांच्या कोळशात तो दारातच अडकतो. पाण्याच्या घरगुती फिल्टरला जो करवंटीचा कोळसा उत्तम, तोच रंगाला उत्तम असेलच असे नाही. आमच्या मते या सगळ्या ‘नॅनो’च्या गर्दीत रुंद छिद्रांचा साधा, नीट बनवलेला कोळसाच सगळ्यांत जास्त कामाचा ठरेल. त्याला बातमीमूल्य मात्र नाही.

आता हिशेब. समजा एका मध्यम प्रोसेस हाऊसमधून दिवसाला पाच लाख लिटर पाणी बाहेर पडते आणि लिटरमागे एक ग्रॅम पावडर पुरते. म्हणजे रोज पाचशे किलो पावडर. मुंबईत माटुंग्याला कापूस तंत्रज्ञानाची केंद्रीय संशोधन संस्था आहे, ‘सिरकॉट’ या नावाने ओळखली जाणारी. तिथे नॅनोसेल्युलोजचा प्रायोगिक कारखाना आहे आणि त्याची क्षमता एका पाळीत सुमारे दहा किलो. हे काम कमी दर्जाचे आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही, देशासाठी ते अभिमानाचे आहे. फक्त दहा किलो आणि पाचशे किलो यांतले अंतर वाचकांनी डोळ्यासमोर ठेवावे. आणि हा हिशेब एकाच कारखान्याचा.

किंमत? समजा पावडर शंभर रुपये किलोने मिळाली. लिटरमागे दहा पैसे पडतात. किलोभर कापडामागे शंभर लिटर पाणी, म्हणजे दहा रुपये. हलक्या सुती कापडाचे किलोत आठ-दहा मीटर बसतात. म्हणजे मीटरमागे रुपयाच्या आसपास. शहरातल्या दुकानात शर्टपीस घेणाऱ्याला हा रुपया कळणारही नाही. पण जॉबवर रंगवून देणाऱ्याचा सगळा धंदाच मीटरमागे काही रुपयांचा असतो, आणि लूमवाल्याची मजुरी तर पैशांत मोजतात. त्याला विचारा एका रुपयाची किंमत. हा रुपया कोणी द्यायचा, याचे उत्तर कुठल्याच शोधनिबंधात मिळत नाही. आणि खरा मुद्दा आम्हाला तोच वाटतो. व्यापारी म्हणतो ग्राहक भाव देत नाही. प्रोसेसवाला म्हणतो व्यापारी दर वाढवत नाही, मी वाढवला तर माल सुरतला जाईल. मधल्या मध्ये नदी तो रुपया भरते.

‘कचरा तर फुकट आहे’ असे म्हणणाऱ्यांनीही जरा गावात फिरून पाहावे. साखर कारखान्यांत चिपाड फुकट नाही, ते बॉयलरमध्ये जळते आणि त्यावर वीज तयार होऊन विकली जाते. पऱ्हाटी खान्देशात, विदर्भात कितीतरी घरांची चूल पेटवते. केळीचे खोड रावेर-यावलच्या बांधावर पडून असते खरे, पण त्यात बहुतेक पाणीच. ट्रक भरून न्यायचे तर आपण पाण्याचेच भाडे भरणार. डाळिंबाची साल? सटाणा-मालेगावचा पट्टा डाळिंबाचा आहे, पण डाळिंब घराघरांत खाल्ले जाते, साल गोळा कोण करणार? ज्यूस आणि दाणे काढणाऱ्या कारखान्यांतून मिळेल तेवढीच. (आणि हो, याच सालीचा आपल्या आजीच्या काळात कापडाला पिवळट खाकी रंग द्यायला उपयोग व्हायचा. रंग देणारी साल आता रंग काढायला निघाली आहे.) खरोखर ज्याचे काय करावे हा प्रश्न पडतो असा कचरा म्हणजे भात गिरण्यांच्या बॉयलरमधली तुसाची राख, आणि लासलगाव-पिंपळगावच्या कांदा बाजारात उडणारी टरफले. सुरुवात तिथून व्हायला हवी, कारण तिथे कुणाच्या तोंडचा घास आपण काढत नाही.

आणखी एक गोष्ट बातम्यांत कधीच येत नाही. रंग पावडरीवर बसला, पाणी स्वच्छ झाले. पण रंग गेला कुठे? तो पावडरीत आहे. रोज पाचशे किलो पावडर म्हणजे रोज पाचशे किलो, ओली धरली तर त्याच्या दुप्पट-तिप्पट, रंगाने माखलेला चिखल. तो पुन्हा धोकादायक कचराच. चुन्याचा गाळ कमी करायला निघालो आणि नॅनोचा गाळ घेऊन बसलो, असे व्हायला नको. पावडर धुऊन पुन्हा वापरता येते, पण ते धुतलेले पाणी पहिल्याहून गडद असते. कोळसा असेल तर तो भट्टीत पुन्हा तापवता येतो, रंग जळून जातो. ही सोय मोठी आहे. लोहचुंबकाने ओढता येईल असा लोखंडमिश्रित कोळसाही बनतो, म्हणजे पावडर पाण्यातून वेगळी काढणे सोपे. नाहीतर इतके बारीक कण गाळायचे कशाने? नदीत गेले तर माशांच्या कल्ल्यांत काय करतील, हा प्रश्न शास्त्रज्ञ स्वतःच विचारत आहेत.

आणि मजुरांचे काय? रिॲक्टिव्ह रंगाची कोरडी पावडर श्वासातून गेली तर काहींना दमा जडतो, हे वैद्यकशास्त्रात केव्हाच नोंदलेले आहे. रंग तोलणारा पोरगा तोंडाला रुमाल बांधून काम करतो, तोही असला तर. उद्या त्याच पोऱ्याच्या हातात नॅनो पावडरीची पोती देणार असू, तर ती आधी ओल्या किंवा गोळीच्या स्वरूपात आली पाहिजे. हे बारीकसारीक वाटेल, पण छातीचा आजार घेऊन दवाखान्याच्या रांगेत आपलेच लोक उभे राहतात.

तिरुपूरचे उदाहरण इथे आठवले पाहिजे. तमिळनाडूतल्या या होजियरीच्या शहराने नोय्यल नदी इतकी बिघडवली की खालच्या अंगाचे ओरथुपालयम धरण रंगीत, खारट पाण्याने भरले. ज्या शेतकऱ्यांसाठी ते बांधले, त्यांनाच ते पाणी नको झाले. शेतकरी कोर्टात गेले. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने रंगाई कारखाने बंद करायचा आदेश दिला आणि सातशेच्या आसपास कारखान्यांना टाळे लागले. त्या टाळ्यांची झळ पहिल्यांदा कुणाला लागली असेल, हे आपल्याला सांगायला नको. लूम बंद पडली की पहिल्या आठवड्यातच किराणावाल्याची वही कशी भरते, ते मालेगावच्या प्रत्येक घराला माहीत आहे. तिरुपूर नंतर सावरले, पण थेंबभर पाणी बाहेर न सोडण्याच्या अटीवर. आरओ, बाष्पीभवनाची यंत्रे, सामूहिक प्रक्रिया केंद्रे, त्यासाठी सरकारी मदत आणि कर्ज. तिथे एक शहाणपणाची गोष्ट झाली. रंग काढून टाकलेले खारट पाणी फेकायचे नाही, ते पुढच्या रंगाच्या बाथमध्ये परत घालायचे. मीठ तर तिथे लागतेच!

आमच्या मते वनस्पतीजन्य कोळशाची किंवा नॅनो पदार्थाची खरी जागा इथे आहे. आज बहुतेक ठिकाणी पहिल्या बाथचे गडद खारट पाणी आणि शेवटच्या धुलाईचे जवळपास स्वच्छ पाणी एकाच गटारात मिसळतात, आणि मग लाखो लिटरवर प्रक्रिया करत बसतात. पहिल्या बाथचे पाणी एकूण पाण्याच्या मानाने थोडे असते, पण फुकट गेलेल्या रंगाचा मोठा हिस्सा आणि बहुतेक मीठ त्यातच. ते वेगळ्या पाइपने वेगळ्या टाकीत घ्या. त्यातला रंग कोळशाने काढा. मीठ तसेच राहू द्या, कारण पावडर मीठ काढत नाही, आणि इथे तोच तिचा फायदा ठरतो. ते पाणी पुढच्या गडद रंगासाठी वापरा. मीठ वाचले, पाणी वाचले, पावडर पाच लाख लिटरवर नाही तर काही हजार लिटरवर लागली. मीटरमागचा तो रुपया बराच खाली येतो, आणि कारखानदाराला मिठाच्या बिलात तो दिसतो. ज्याचा फायदा बिलात दिसतो तेच यंत्र रात्री चालू राहते. केवळ निरीक्षकासाठी बसवलेली यंत्रे कधी चालू असतात, ते आपण पाहतोच.

इचलकरंजीत हे सगळे आधी घडून गेले आहे. पंचगंगा बिघडली म्हणून शहराला कृष्णेचे पाणी आणावे लागले, मग दूधगंगेचे मागावे लागले, आणि तिथे कागलकरांचा विरोध उभा राहिला. आपली नदी खराब करून दुसऱ्याच्या नदीवर हक्क सांगायला गेलो तर कोण हो म्हणेल? मालेगावची मोसम आणि भिवंडीची कामवारी आज कुठल्या अवस्थेत आहे, ते पुलावरून जाताना सगळेच पाहतात. सगळा दोष रंगाचा नाही, शहराची गटारेही त्यात आहेत. लूमवाल्याचा तर यात थेट संबंधही नाही, लूममध्ये रंगाचे पाणी नसतेच. तरी बातमी छापून येते तेव्हा नाव सगळ्या गावाचे येते, आणि आपल्या गावांचे नाव कसे घेतले जाते ते वेगळे सांगायला नको. म्हणून बंदीचा आदेश येण्याआधी मागणी आपण स्वतःहून करायला हवी. महापालिकेकडे, प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आणि कारखानदारांच्या संघटनेकडेही. छोट्या युनिटांसाठी सामूहिक प्रक्रिया केंद्र, पहिल्या बाथसाठी वेगळी पाइपलाइन, आणि कोळसा पुन्हा तापवायची एक सामायिक भट्टी. एकट्या माणसाला हे परवडत नाही, वीस जणांना मिळून परवडते.

आपली मुले-मुली आता बीएस्सी, एमएस्सी करतात, काही पीएचडीलाही लागली आहेत. रसायनशास्त्राच्या प्रोजेक्टसाठी विषय शोधत असतात आणि बरेचदा मिथिलीन ब्लूवर जाऊन थांबतात, कारण त्याचा आलेख सुंदर येतो. त्यांच्या सरांना आमची एवढीच विनंती आहे की प्रोजेक्टसाठी रंगाची बाटली दुकानातून मागवू नका. गावातल्या एखाद्या डाइंगवाल्याला भेटा, कारखान्याचे नाव छापणार नाही असा शब्द द्या, आणि त्या दिवशी जिगरमधून सोडलेले पाणी मागा. पाच लिटरचा एक कॅन पुरेल.